खंबीरचे मागचे पाय

आमच्या वरच्या मजल्यावर एक गाढव राहतं असं मी नव्या भाडेकरूंना सांगतो, तेव्हा ते बिचारे छताकडे बघतात. मग मी दुरुस्ती करतो. अख्खं नाही हो, अर्धं. मागचं अर्धं. पुढचं अर्धं दोन गल्ल्या पलीकडे राहतं, स्वतःच्या घरात, बाल्कनीसकट.

ज्यांनी ‘खंबीर’ नावाचा सिनेमा पाहिलेला नाही त्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो. एक शूर गाढव विहिरीत पडलेल्या मुलीला वाचवतं आणि गुंडांना लाथ मारून छपरावर उडवतं, एवढीच गोष्ट. तो चालला. चालला म्हणजे असा, की पुढे त्याची साथच आली. ‘खंबीर परत आला’मध्ये त्यानं बँक वाचवली. ‘खंबीरचा सूड’मध्ये कोर्टात साक्ष दिली, होय, गाढवानं, मान हलवून, आणि न्यायाधीश रडला. ‘खंबीर बर्फात’मध्ये ते साबणाच्या फेसात कुडकुडलं. ‘खंबीर: शेवटची लाथ’मध्ये एकदाचं मेलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसलं काय! वर्ष उलटायच्या आत ‘खंबीर: खरीखुरी शेवटची लाथ’ची तयारी सुरू. मेला तो म्हणे जुळा भाऊ होता. पोटावरची शिवण लोकांना दिसत होती, एकदा तर मागच्या पायांत चक्क बूट दिसले, तरी शिट्ट्या. अशा लोकांबरोबर एकाच शहरात राहायची मला शिसारी येते, पण या वयात जाणार कुठे?

शिवण असण्याचं कारण, खरं गाढव पहिल्याच आठवड्यात नायिकेचा झगा खाऊन जे खाली बसलं ते उठेचना. त्या सगळ्या गोतावळ्यात शहाणं तेवढं तेच. मग निर्मात्यानं कातडं शिवून घेतलं आणि आत दोन माणसं घातली. दोघं सख्खे साडू. थोरल्या बहिणीचा नवरा पुढे, धाकटीचा मागे. नात्यानं मोठा त्याला तोंड, हा न्याय सासूबाईंनी लावला आणि तिथंच विषय मिटला. थोरला आधी कापडाच्या दुकानात विक्रेता होता, त्यामुळे तोंडाचं काम त्याला नवं नव्हतं. धाकटा पिठाची पोती वाहायचा. मांड्या खांबासारख्या, स्वभाव पिठासारखा. त्याचं खरं नाव पोस्टमनलाच ठाऊक असेल. आम्ही त्याला शेपूटराव म्हणतो आणि तो ओ देतो.

आता ती लाथ. सिनेमे चालले ते लाथेवर. शेपूटराव कमरेत वाकून, थोरल्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, दोन्ही पाय एकदम मागे फेकायचा. त्याला दिसायचं काहीच नाही. डोळ्यांसमोर थोरल्याची पाठ आणि पाठीखालचा प्रदेश. थोरला रक्तदाबासाठी सकाळ-संध्याकाळ कच्चा लसूण चावायचा. कातडं कुबट, आंबूस, त्यावर स्वस्त अत्तराचा फवारा, म्हणजे घाणीला टोपी घातल्यासारखं. शेपूटराव घरी आला की जिन्यातलं मांजर पळून जायचं.

“अहो, आधी अंगणातच कपडे काढा,” धाकटी वरून ओरडायची.

“सगळे?”

“वासाचे तेवढे.”

“मग सगळेच की.”

भिंती पातळ आहेत, मी काय करू, ऐकू येतं.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एकदा, फक्त एकदा, पुढे उभं राहायचं. डोकं घालायचं, दोऱ्या ओढून पापण्या मिचकवायच्या, आणि पडद्यावर दिसेल ते तोंड आपलं आहे असं बायकोला सांगायचं. कारण दर वेळी सासरी जेवायला बसले की दोघी बहिणींची तीच जुंपायची.

“माझा नवरा निदान तोंड तरी आहे,” थोरली म्हणायची.

“तोंडच आहे, ताई. लाथ कुणाची आहे?”

“लाथेचा कुणी फोटो काढतं का गं?”

आणि सासूबाई थोरल्या जावयाच्या ताटात आणखी वाढायच्या. जगात बायका नवऱ्याच्या नोकरीवरून भांडतात, या दोघी गाढव वाटून घेत होत्या.

शेपूटरावनं विचारलं की थोरल्याचं ठरलेलं उत्तर. “अरे, देतो की. यानंतर तूच. पण डोक्यात भट्टी असते रे. जीव गुदमरतो. तू मागं सुखी आहेस, तुला कळत नाही.” असं म्हणून तो डोळेही पुसायचा. दुकानातली सवय.

शेवटी देवानं नाही, मानेनं ऐकलं. थोरल्याची मान धरली. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला आणि डोक्यावर काही ठेवायचं नाही म्हणून बजावलं. त्या खऱ्याखुऱ्या शेवटच्या लाथेचं एकच दृश्य राहिलं होतं. खंबीर टेकडीवर चढतो, वळतो, आणि त्याचे डोळे भरून येतात. लाथ नव्हती, नुसतं उभं राहायचं. निर्माता म्हणाला, “अदलाबदल करा, आणि लवकर आटपा.”

धाकटीनं अख्खी इमारत चित्रीकरणाला नेली. मलाही नेलं, खुर्च्या भरायला. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते. शेजारी थोरली, चेहरा आंबट.

शेपूटरावनं डोकं घातलं. एकदा पापण्या मिचकवल्या, आणि धाकटीनं माझा दंड असा दाबला की आठवडाभर दुखत होता. मग त्यानं जबडा हलवायला हनुवटी खाली दाबली. आत काहीतरी घर्रर्र वाजलं.

आणि गाढवाच्या मागच्या भागातून थोरला किंचाळला, “पंखा नको! पंखा बंद कर! मेलो!”

गाढवाचं डोकं हळूच वळलं.

“कसला पंखा, साडूभाऊ?”

मागून नुसते उमासे.

शेपूटराव बाहेर आला, डोकं उपडं करून मांडीवर घेतलं आणि आत हात घातला. एक छोटासा पंखा निघाला, बॅटरीवरचा, हनुवटीनं सुरू होणारा. त्याला एक रबरी नळी. पंख्याचं काम एकच, डोक्यातली वाफ, घाम, लसूण, सगळं ओढून नळीत ढकलायचं. नळी मानेतून, पोटातून जात मागे कुठं उघडत होती? बरोब्बर तिथं, जिथं वाकलेल्या माणसाचं नाक येतं. पुढे थंडगार, मागे नरक. आणि दर सिनेमात हाच माणूस भट्टीच्या नावानं डोळे पुसत होता.

“हे कधीपासून?” शेपूटरावनं विचारलं.

थोरला कातड्यातून अर्धा बाहेर आला होता, गळ्यात पट्टा, तोंड हिरवं. “अरे, पहिल्यापासून… म्हणजे, मानेला बरं वाटावं म्हणून…”

दिवेवाला मध्येच बोलला, “बॅटरी मीच बदलतो ना. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग कळलं की सगळ्यांनाच ठाऊक होतं. रंगवाल्याला, चहावाल्याला, निर्मात्याला. शेपूटरावनं खुर्च्यांकडे पाहिलं. धाकटीनं मान खाली घातली.

“तुलाही?”

“ताई बोलली होती,” ती पुटपुटली. “तुम्ही काम सोडलं असतं, तर दोन्ही घरं…”

मी माझी खुर्ची तिच्यापासून हातभर लांब सरकवली.

“चला, चला, ऊन जातंय!” निर्माता टाळ्या वाजवत आला. “घाल रे डोकं. नंतर भांडा.”

शेपूटरावनं डोक्यात वाकून पाहिलं. आतल्या कापडावर इतक्या वर्षांची थुंकी, घाम आणि चावून चिकटवलेले लसणाचे तुकडे, काळ्या साईसारखा थर. माणसानं ज्यासाठी जन्म काढला ते असं दिसत होतं.

“घालतो,” तो म्हणाला. “धुऊन घालतो.”

नळाखाली बादली होती. तो गेला आणि डोकं बादलीत बुडवलं.

कपडेवाला धावला. “पाणी नको! अरे, पाणी नको! सगळं डिंकावर आहे!”

“मग इतकी वर्षं कुणी धुतलं नाही?”

“कसं धुणार? तोंड निघून येईल!”

“येऊ दे.”

साबणाची वडी घेऊन तो घासत राहिला, पोत्याला हात घालावा तसा, घाई न करता. आधी पापण्या सुटल्या. मग कपाळावरचे केस झुपक्यांनी निघाले. नाक खाली ओघळलं. पाणी आधी तपकिरी झालं, मग काळं, आणि वास असा सुटला की निर्माता नाकाला रुमाल लावून मागे सरकला, आणि थोरलीनं पदर तोंडात कोंबला. मुद्दाम केलं का, मी त्याला पुढे कितीदा तरी विचारलं. “घाण होती, धुतली,” यापलीकडे तो बोलत नाही.

“अगं, थांबव त्याला!” थोरली बहिणीवर खेकसली. “आपल्या पोटावर पाय देतोय तुझा नवरा!”

धाकटी उठली. मला वाटलं नवऱ्याचा हात धरेल. तिनं ठेवणीतल्या कपड्यांनिशी चिखलात बैठक मारली, काळी बादली उलटी केली आणि तीच नळाखाली पुन्हा भरली.

तिनं ओतलं. त्यानं घासलं. खंबीरचा जबडा सुटून तिच्या मांडीवर पडला, तो तिनं बाजूला ठेवला आणि आणखी ओतलं.

“कानामागं राहिलंय,” ती म्हणाली.