कितव्या किकला

तेव्हा आम्ही खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. मी बी.एस्सी.ला होते आणि स्टॅटिस्टिक्सच्या एकाच पेपरात दोनदा नापास झाले होते, एकदा उन्हाळी परीक्षेत आणि एकदा हिवाळी. मामाने आईला पटवून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा आपटी खाल्ली तर कॉलेज बंद आणि मुलगा पाहायचा. आईचाही त्याला होकार होता, हे मला ठाऊक होतं. मामाचा मला तेव्हा भयंकर राग यायचा.

माझं घोडं अडलं होतं जिओमेट्रिक डिस्ट्रिब्यूशनपाशी. नाव ऐकून आईने विचारलं, "त्याले कंपासपेटी लागते का वं?" कंपासपेटीचा काही संबंध नव्हता. एखादी गोष्ट जमेपर्यंत करत राहायची आणि ती कितव्या वेळी जमली ते मोजायचं, एवढंच ते प्रकरण. पण एका पुस्तकात जमलेली वेळ धरून मोजलेलं असायचं, तर दुसऱ्यात फक्त त्याआधी फसलेल्या वेळा. मी दोन्हींची खिचडी करायचे, आणि माझं उत्तर दर वेळी एकाने चुकायचं.

शेवटी मी बाबांच्या स्कूटरच्या किका मोजायला लागले. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते आणि स्कूटर त्यांनी कुणाकडून तरी जुनी घेतली होती. सकाळच्या शिफ्टला निघताना ते किक मारायचे, मी पायरीवर बसून वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढायचे. चिमणीचा धूर आभाळात नुसता उभा असायचा, सीटवर कडुनिंबाचा मोहोर सांडलेला असायचा, आणि माझे डोळे अर्धे मिटलेले असायचे. आजही त्या सकाळी मला खऱ्या होत्या की झोपेतल्या, ते नीट सांगता येत नाही. पानावर मात्र चित्र उमटत गेलं. पहिल्याच किकला सुरू झाली असे दिवस सगळ्यात जास्त, दुसरीला त्याहून कमी, तिसरीला आणखी कमी, असा उतरता जिना. बाबांना ते पटेना.

"मी तं रोज दहा-दहा मारून राहिलो," ते म्हणाले. मी वही दाखवली तरी ते मान हलवत राहिले.

आमचे सर वर्गात सांगायचे की या डिस्ट्रिब्यूशनला आठवण नसते. पाच वेळा फसलं म्हणून सहाव्यांदा जमण्याची शक्यता वाढत नाही, कमीही होत नाही. मला हे फार आवडायचं. मागचं काहीच माहीत नसलेली ती सहावी वेळ कशी असेल, याचा विचार करत मी खिडकीत बसून राहायचे आणि दुपार निघून जायची. गणितं तशीच राहायची.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली आणि मला मागे बसवून नागपूरला निघाले. शहराच्या तोंडाशी, जरीपटक्याच्या अलीकडे स्कूटर बंद पडली. पेपर आठचा होता आणि साडेसात वाजायला आले होते. बाबांनी किक मारली. मग दुसरी, तिसरी. सातवीनंतर मला रडू फुटलं, तरी शहाणपणा सुटेना.

"मारत राहा बाबा, मागचं काही आठवत नाही तिले."

"गाडीले आठवते वं," बाबा धापा टाकत म्हणाले. "जेवढ्या मारल्या तेवढं पेट्रोल चढून राहिलं. थांब जरा. विसरू दे तिले."

चढलेलं पेट्रोल उतरावं म्हणून त्यांनी स्कूटर एका अंगावर कलती धरली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ऊन अजून कोवळं होतं. दुधाच्या कॅना लावलेली एक सायकल इतकी सावकाश गेली, की ती कधी आली आणि कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही.

बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी मॅट्रिक तीनदा नापास झालो, चौथ्या बारीले निघालो. तुह्या मायले सांगतलं नाही अजून. लोकं तीन मोजतात. मी चार मोजतो."

दोन पुस्तकांतलं भांडण हेच तर होतं. एक नुसत्या फसलेल्या वेळा मोजतं, दुसरं जमलेलीही धरतं. इतके महिने मला जे कुणी समजावू शकलं नव्हतं, ते असं रस्त्यावर समजलं. बाबांनी पुन्हा किक मारली, स्कूटर सुरू झाली, आणि आठला दोन मिनिटं असताना मी वर्गात शिरले.

पेपरात ते गणित आलं. मी उत्तराच्या सुरुवातीलाच लिहिलं, की जमलेली वेळ धरून मोजते आहे, आणि पुढे सोडवत गेले.

मी पास झाले. निकाल कळल्यावर मामा पेढे खायला आला आणि आईला म्हणाला, "दोनदा नापास झाली, तवा कुठं निघाली." आईने मान खाली घातली.

बाबांनी पेढ्यांचा डबा मामापुढे धरला. "तिसऱ्या बारीले निघाली," ते म्हणाले. "मी मॅट्रिक चौथ्या बारीले निघालो होतो. बापाच्या पुढं गेली पोरगी."