तडेमास्तरांची रेघ

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तडेमास्तरांना पगार मिळायचा तो मोडतोडीचा. काँक्रीटची तुळई यंत्राखाली ठेवायची, कडाड आवाज होईपर्यंत दाबायची आणि मग ती नेमकी कुठून मोडली यावर चहा पीत महिनाभर वाद घालायचा. घरात मात्र एक कपबशी फुटली तरी हेच गृहस्थ बायकोवर डोळे वटारणार!

खोड एकच. भिंतीला तडा दिसला की खिशातली पेन्सिल बाहेर. तडा संपतो तिथे आडवी रेघ, शेजारी तारीख. तडा रेघ ओलांडून पुढे गेला तर जिवंत, नाहीतर मेलेला. शास्त्र म्हणून हे चोखच आहे. पण लेकीचं लग्न ठरवायला गेलेल्या माणसानं होणाऱ्या विहीणबाईंच्या कोचावर चढून, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर रेघ ओढावी आणि वर ऐकवावं, “वर्षभर पुसू नका हं, भिंत हलतेय का बघू,” याला शास्त्र म्हणत नाहीत.

विहीणबाईंच्या हातातला चहाचा ट्रे जागच्या जागी थांबला. “म्हणजे आमचं घर पडायला आलंय म्हणा की!”

लग्न झालं, कारण पोरं कुणाचं ऐकणारी नव्हती. पण विहीणबाईंनी अबोला धरला आणि मास्तरांनी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं. लेक खाडीपलीकडे, जायचं बोटीनं, आणि मला तर बोट लागते!

पुढे त्याच खाडीखालून बोगदा करायचं ठरलं. काँक्रीटच्या प्रचंड पेट्या तळाशी ओळीनं बसवायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. त्या सांध्यांची चाचणी आली कुणाकडे, तर मास्तरांकडेच. त्यांनी इमानेइतबारे सांधे फोडले, सुधारले, पुन्हा फोडले आणि शेवटी पसंतीची सही केली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे सही करताना त्यांच्या लक्षात आलं नाही.

बोगदा सुरू झाला आणि लेकीला मुलगी झाली. बायकोनं पिशवी भरली.

“सांधे अजून बसायचेत,” मास्तर पुटपुटले.

“अहो, सगळं गाव तुमच्या सहीच्या भरवशावर जातंय आणि तुम्हालाच तिचा भरवसा नाही?” बायको म्हणाली. “सांध्यांना घाबरताय की विहीणबाईंना?”

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “बाबा, तुमचा बोगदा फक्त तुमच्यासाठीच बंद आहे का?” तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मास्तर मुकाट्यानं बूट शोधायला लागले.

बस बोगद्यात शिरली तशी शेजारच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांना वाटलं, धीर द्यावा. “घाबरू नका,” ते म्हणाले. “बोगदा बुडत नसतो. उलट तो वर तरंगायला बघतो. म्हणून तर त्याच्यावर वजन टाकून दाबून धरलाय.” बाईंनी डोळे टक्क उघडले. “आणि हा पुढचा सांधा आला ना, हा तर मी स्वतः कितीतरी वेळा फोडलाय!”

“ड्रायव्हर, गाडी थांबवा!” बाई ओरडल्या. सगळी बस मागे वळून बघायला लागली. बायकोनं मास्तरांच्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबली आणि ती संपेपर्यंत बोलायचं नाही अशी ताकीद दिली. गोळी चघळता चघळता पलीकडचा उजेड आला. सांध्यांनी साधी कुरकुरसुद्धा केली नव्हती.

खरी धडधड सुरू झाली ती लेकीच्या दारात. विहीणबाईंनीच दार उघडलं. आणि त्या बाजूला झाल्या. मास्तरांनी मान खाली घालायचं ठरवलं होतं, पण सवयीनं नजर भिंतीकडे गेलीच.

बैठकीला आता फिका हिरवा रंग होता. कोचाच्या वर मात्र तळहाताएवढा चौकोन जुन्याच पिवळ्या रंगाचा राहिला होता. त्यात तो तडा, ती रेघ आणि त्यांच्या हातची तारीख.

“रंगाऱ्याला म्हटलं, तेवढं सोड,” विहीणबाई म्हणाल्या. “वर्षभर पुसू नका म्हणाला होतात ना?”

“पण वर्ष तर केव्हाच...”

“झालं. पण तुम्ही बघायलाच आला नाहीत, मग पुसायचं कुणी?” त्यांनी पदरानं चौकोनावरची धूळ झटकली. “रोज केर काढताना बघते. रेघेच्या आतच आहे.”

मास्तरांना भयंकर लाज वाटली आणि तितकंच बरंही वाटलं. ते बूट काढून कोचावर चढले, चष्मा पुसला, नाक भिंतीला टेकवलं. “मेलेला आहे,” ते म्हणाले. “घर पक्कं आहे तुमचं.”

“मला ठाऊक होतं. पुसा आता.”

मास्तरांनी सगळे खिसे चाचपले. जन्मभर पेन्सिल बाळगली, खोडरबर कधी जवळ ठेवलं नव्हतं. शेवटी त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि रेघ घासायला लागले.

“शी! बाबा, खाली उतरा,” आतून नातीला घेऊन आलेली लेक म्हणाली, “आणि आधी हात धुवा.”