चार तेलकट बोल्ट

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला लेकीकडे होतो. कुसुमवहिनींचा आवाज अगदी साधा होता. "सुरेशभाऊ, हे गेले सकाळी," एवढंच म्हणाल्या. आपण धडपडत निघतो, दोन तासांत अकोल्याला पोचतो, आणि पोचून करतो काय? हात बांधून उभे राहतो... दीड महिना झाला, मी अजून तसाच उभा आहे.

जठारपेठेत आमचं दोघांचं वर्कशॉप होतं, सव्वीस वर्षं. पंप, फवारणी यंत्रं, पिठाच्या गिरण्या, येईल ते दुरुस्त करायचं. मी घाईचा माणूस. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मला दम निघत नाही. मधुभाऊंचं सगळं उलटं. थरथरणाऱ्या यंत्रातला बोल्ट चालता चालता ढिला होऊ नये, म्हणून त्याच्या आट्यांवर निळ्या औषधाचा एक थेंब टाकतात. आत वाळून ते बोल्टाला घट्ट धरून ठेवतं. थेंब काय, कोणीही टाकेल. पण आट्यांना तेल असलं तर ते नीट धरत नाही, आणि नवा बोल्ट बहुतेक वेळा तेलात न्हालेलाच येतो. मधुभाऊ प्रत्येक बोल्ट थिनरमध्ये धूत, ब्रशनं आटे घासत, तो जिथे बसणार ते छिद्रही साफ करत आणि मग वाळू देत. फुंकर मारलेली चालत नसे, तोंडाची वाफ लागते म्हणून! मी वैतागायचो. "मधुभाऊ, बोल्ट हाय तो, नवरदेव नाई," म्हणायचो. ते हसायचे आणि पुढचा बोल्ट उचलायचे.

गेल्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, पण ब्रश काही धरवेना, म्हणून धुण्याचं काम माझ्याकडे आलं. संत्र्यांचा हंगाम होता. वरूडच्या एका पॅकिंग शेडमधलं, लहानमोठी संत्री वेगळी करणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. बेअरिंग बदललं. बाहेर ट्रक उभे, मालक दर पाच मिनिटांनी डोकावतोय. मी चारही बोल्ट फडक्यानं पुसले आणि मधुभाऊंपुढे केले.

"पुसले का धुतले?" त्यांनी विचारलं.

"धुतले," मी म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सव्वीस वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, मग कशाला विचारतील? कापऱ्या हातानं त्यांनी एकेक थेंब टाकला आणि बोल्ट आवळले.

पाचव्या दिवशी मालकाचा फोन आला. बोल्ट निघून पडले होते, बेअरिंग फुटलं होतं. कोणाला लागलं नाही हे नशीब. मधुभाऊंनी फोन ठेवला आणि आपल्याच हातांकडे पाहत बसले. "माह्याच्यानं बराबर आवळल्या गेले नाई," ते म्हणाले. "हात गेला माहा, सुरेश." बोल्ट मी धुतलेच नव्हते, हे त्यांना सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपवर आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. मी दर आठवड्याला घरी जायचो, चहा प्यायचो, क्रिकेटवर बोलायचो. न्यूमोनियानं त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हाही सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं माझ्या हातावर थरथरत होती आणि मी म्हणालो, "बरे व्हाल तुमी." भित्रा माणूस मी, याला दुसरा शब्द नाही.

परवा हिय्या करून वहिनींना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मधुभाऊंच्या खोलीतला कूलर चालू होता आणि त्याचं लोखंडी स्टँड फरशीवर टकटक वाजत होतं.

"हे मले काहून सांगून राहिले?" त्या म्हणाल्या. "त्यायले सांगाचं होतं."

 मग त्यांनी कूलरकडे पाहिलं. "त्या स्टँडचा बोल्ट ढिला हाय, गेल्या उन्हाळ्यापासून. आवळून द्या म्हटलं तं म्हनत, माह्या हातचं आता टिकत नाई. मेकॅनिक बलावू का म्हटलं तं गप बसत."

"पाना द्या वहिनी, मी आवळतो," म्हणत मी उठलो.

"राहू द्या, सुरेशभाऊ," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. स्टँड वाजत राहिलं.