साडेसहा ते साडेआठ: गणित

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या वर्षाचा विषय निघाला की मी कपबश्या विसळायला उठते. आज तुम्हाला सांगते — म्हणजे, प्रयत्न करते. मध्येच भलतंच काही बोलायला लागले, तर ओळखा की मुद्द्याजवळ आले.

आमचं घर केडगावात. दोन खोल्या, आणि माणसंही दोनच — मी आणि पपा. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पपा शाळेतून रिटायर झालेले, आणि चर्चमध्ये पेटी वाजवणारे. रोज संध्याकाळी साडेसहाला ते घरी पेटी उघडायचे. डिसेंबर लागला की गायनमंडळाची सात-आठ माणसं नाताळच्या गाण्यांच्या सरावाला आमच्याकडेच यायची. चहा मी करायचे, कुरकुरत. पण घरात आवाज असायचा, एवढं खरं.

बी.कॉम. झाल्यावर मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला वेळापत्रक केलं. मला वेळापत्रकं करायला लई आवडतात — अभ्यासापेक्षा जास्त, हे आता कळतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कार्डशीट आणली, स्केचपेनं आणली, चार दिवस खपून चौकटी आखल्या. सकाळी इंग्रजी, दुपारी रीझनिंग, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ गणित. जे झालं त्याच्या चौकटीत हिरवी खूण करायची. अगदी पहिली चौकट होती — 'फॉर्म भरणे'. तो भरायचा राहिला होता. पण भिंतीवर लावताना ती सुरुवातच रिकामी बरी दिसेना. दहा मिनिटांचं तर काम, उद्या भरू — म्हणून मी खूण करून टाकली.

पपांनी चष्मा लावून सगळं वाचलं. साडेसहापाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पेटी बंद केली, तिच्यावर आईची शाल घातली, आणि गायनमंडळाला फोन करून सांगितलं की यंदा सराव दुसरीकडे करा. ते स्वतःही गेले नाहीत. मला मध्ये चहा लागेल म्हणून.

शेजारच्या काकू सोनईच्या. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "काय गुरुजी, पेटी लई दिवस ऐकली न्हाई?"

"पोरीचा अभ्यास चालू आहे," पपा म्हणाले. जरा अभिमानानंच.

आणि फॉर्म? खूण झाली होती ना — मग माझ्या डोक्यातूनही तो भरून झाला. नाताळला आठ दिवस असताना सहज साइट उघडली. मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

इथं थांबावंसं वाटतंय. कारण इथपर्यंत नुसता वेंधळेपणा होता, पुढंमागं हसून सांगता आला असता. त्याच संध्याकाळी पपांना सांगितलं असतं, तर ते रागावले असते, आणि मग शाल काढून पेटी उघडली असती. नाताळ अजून हातात होता. हे मला तेव्हाच कळत होतं — नंतर सुचलेलं नाही. तरी मी उठले आणि त्या दिवसाच्या गणिताच्या चौकटीत हिरवी खूण केली. का? लाज वाटली. बास, एवढंच.

पुढचे तीन महिने कागदी घोडे नाचवले. साडेसहाला दार लोटायचं, पुस्तक उघडं ठेवायचं आणि मोबाईल बघत बसायचं. बाहेरच्या खोलीत पपा पेपर वाचायचे. पान उलटतानाही आवाज होऊ नये म्हणून हळू. त्यातल्या पहिल्या आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडून नाताळची गाणी ऐकू यायची. दाराच्या फटीतून मला पपांची बोटं गुडघ्यावर चालताना दिसायची. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. पण मी करून घेतलं होतं ते, आणि त्यांच्यावर लादलंही होतं. साडेसातला ते चहा आणून द्यायचे. मी प्यायचे.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, डबा दिला, एसटीत बसवून दिलं. पुण्यात एका बागेत बाकावर बसून मी तो डबा खाल्ला आणि परत आले. पेपर अवघड होता म्हणाले. निकालाच्या वेळी — थोडक्यात हुकलं. पपा म्हणाले, "तू कष्ट केलेस. मी पाहिलंय ना."

गायनमंडळानं तोवर कीबोर्ड घेतला होता, वाजवायला एक नवीन बाई मिळाल्या होत्या. पपांना कुणी परत बोलावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आमच्याकडे माणसं यायची बंद झाली ती बंदच झाली. याला चार वर्षं झाली. मी आता नगरात एका ऑफिसात कामाला जाते. वेळापत्रक पपांनी गुंडाळून पेटीमागं जपून ठेवलंय. आल्यागेल्याला उलगडून दाखवतात, "बघा, एक चौकट सोडली नाही पोरीनं." मी तेव्हा आत असते, कपबश्या विसळत.

संध्याकाळी मी घरी येते तेव्हा साडेसहा झालेले असतात. पपा पेटीवरची शाल काढतात, भात्यावर हात ठेवतात आणि आधी माझ्याकडे बघतात.

"वाजवू का गं? तुझं काही चालू नाही ना?"

"नाही पपा. वाजवा."

तेव्हाही काही चालू नव्हतं.