व्याह्यांची बिनआवाजी मोटार

सावद्याकडच्या उखर्डू आबांचं नाव ऐकून बाहेरगावचे लोक हसत. आमच्याकडे त्या नावाला कुणी हसत नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, तिथून उचलून आणायचं आणि उखर्डू म्हणायचं. म्हणजे यमाला वाटतं, टाकाऊ माल आहे, राहू दे इथंच. तर यमाला फसवायला ज्याचं नाव ठेवलं, तो माणूस पुढे जन्मभर ज्याच्या त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत राहिला. त्यांच्या बायकोचं, बेबाबाईंचं मत असं की एकदा यम फसला तेवढाच. त्याची फेड बाकीच्या जगानं करून घेतली.

आबांची केळीची बाग मोठी. वॅगनी भरून माल दिल्लीला जायचा. माणूस उंच, आवाज मऊ आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली, की जे राबतं त्याला खुराक पाहिजे. नांगरटीच्या आधी ते बैलांना तेल पाजायचे. बैलाचं तोंड वर धरायचं, बांबूचं नळकांडं जबड्यात सारायचं आणि गोडं तेल ओतायचं. आबा ते काम गड्याला करू देत नसत. बैलाच्या घशातून तेल उतरताना त्यांचा स्वतःचा घसा हलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुलगी एकच, सुगंधाबाई. ती दिली शिरपूरला. व्याही भाईदास कापसाची दलाली करत. गोड माणूस. इतका गोड की त्यांच्याशी बोलून आलं की हात धुवावेत असं मला वाटे. पण मी पडलो तोंडाळ, माझं कोण मनावर घेतो? आबा तर व्याह्यांचं नाव घेताना टोपी सरळ करायचे. शिरपूरकडे कोणीही निघालं की त्याच्याबरोबर केळ्यांचं टोपलं जायचं. कच्च्या, भरलेल्या फण्या वाळल्या पानांत गुंडाळून, म्हणजे व्याह्यांच्या घरी सावकाश पिकाव्यात आणि लेकीच्या माहेराची आठवण चार दिवस जास्त टिकावी.

एकोणीसशे सत्तरच्या शिमग्याला आबा स्वतः टोपलं घेऊन शिरपूरला गेले आणि येताना मोटार घेऊन आले. भाईदासांची जुनी काळी लँडमास्टर. भाईदास म्हणाले होते की परक्याला द्यायला मन होत नाही, घरात राहील. आणि शिवाय आखाजीला मुऱ्हाळी होऊन तुम्ही लेकीला न्यायला याल ते एसटीनं कशाला, आपल्याच गाडीतून रुबाबात या. हा बाण बरोबर बसला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या गावाच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि कोणाची लेक कशातून उतरली हे वर्षभर बोललं जातं. आबांना तिथल्या तिथे सुगंधाबाई मोटारीतून उतरताना दिसली.

आता त्या गाडीची शिरपुरातली कीर्ती मला पुढे कळली. ती गल्लीत शिरली की बाया म्हणत, पिठाची गिरणी सुरू झाली. गिअरबॉक्स असा रडायचा की पाळण्यातली पोरं जागी व्हायची. पण आबा निघाले त्या दिवशी ती गाडी मांजरीसारखी चालली. भाईदासांनी गुपित सांगितलं की सगळी करामत एका डबीची आहे. मुंबईहून येते, गिअरबॉक्सच्या तेलात टाकायची. म्हातारी गाडीसुद्धा नव्या नवरीसारखी मुकाट होते. एक डबी त्यांनी रुमालात बांधून भेट म्हणूनही दिली.

बैल घेताना आबा दात बघत, खूर बघत, शेपूट पिळत, चार पावलं चालवून बघत. पण व्याह्यांच्या गाडीचं झाकण मुलीच्या बापानं उघडायचं असतं का? ते व्याह्यांच्याच तोंडात बोटं घालून दात मोजण्यासारखं झालं. आबांनी नुसता बॉनेटवर हात फिरवला. सुगंधाबाईनं गाडीला हळदीकुंकू लावलं आणि खिडकीशी वाकून एवढंच म्हणाली, "आबा, सावकाश न्या. लई तापू देऊ नका." गाव येईपर्यंत आबा हे वाक्य मनाशी घोळवत आले. लेकीला बापाची किती काळजी, म्हणून.

गावात पंधरवडाभर आबांचा थाट पाहण्यासारखा होता. मग एके दिवशी गाडी बारीक आवाजात कुंथायला लागली. आबांनी लगेच भेटीची डबी काढली, तिला कुंकवाचं बोट लावलं, बैलांचं बांबूचं नळकांडं घेतलं आणि त्यातून तो मधासारखा घट्ट ऐवज गिअरबॉक्सला पाजला. आवाज दबला. आबा मला म्हणाले, पाहिलं का भो, व्याही खोटं बोलत नाही. आठवडा गेला, आवाज परत आला आणि येताना मोठा होऊन आला.

डबी जळगावात लखीचंद शेठकडे मिळायची. शेठ मोटारीचे सुटे भाग विकत. राजस्थानातून आलेलं घराणं, पण शेठची जीभ अस्सल जळगावची. आबा त्यांच्याकडून आधी गिअरबॉक्सची डबी घेऊन गेले, मग इंजिनाच्या तेलात टाकायची, मग पेट्रोलमध्ये टाकायची. पुन्हा डबी घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. शेठनं डबी फळीवरून काढली, पण हातातच धरून ठेवली.

"उखर्डूभाऊ, ही पेट्रोलमधली टाकता, त्यानं काय झालं?"

"वास चांगला येतो," आबा म्हणाले.

"आणि इंजिनातली?"

"धूर कमी झाला होता. आता परत येतो."

शेठनं सांगितलं ते असं, की घट्ट औषधानं तेल घट्ट होतं, म्हणून चार दिवस धूर आणि आवाज दबतो; झीज आहे तिथेच राहते. इंजिन धड असेल तर वेळेवर तेल बदललं की झालं, आणि धड नसेल तर डबीनं ते धड होत नाही. "आणि गिअरला असतात दात. बोळक्या म्हाताऱ्याला रोज च्यवनप्राश चाटवलं तर त्याला दात येतील का? गिअरबॉक्स एकदा खोलून बघा."

आबांना राग आला. व्याह्यांची गाडी खोलायची म्हणजे व्याह्यांवर संशय घ्यायचा. त्यांनी विचारलं की एवढं आहे तर शेठ, तुम्ही डब्या विकता कशाला? शेठ म्हणाले, तुम्ही मागता म्हणून. माझ्या स्वतःच्या गाडीत कधी टाकली नाही. आणि डबी पुढे केली. आबांनी ती घेतली. रस्त्यात मला म्हणाले की व्यापाऱ्याला माणसं कळत नाहीत, त्याला फक्त लोखंड कळतं.

आखाजी आली. आबांनी गाडी धुतली, आरशाला झेंडूची माळ बांधली आणि शिरपूरला निघाले. मला धुळ्याला बहिणीकडे उतरायचं होतं, पण व्याह्यांचं घर आतून बघायला मिळेल या लोभानं मी तिथे उतरलो नाही. एरंडोलपर्यंत गाडी कुंथत होती, पारोळ्यापासून रडायला लागली, आणि धुळं सोडून आग्रा रोडला लागल्यावर तर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सोनगीरचा किल्ला समोर दिसला तेव्हा आबांनी एकदम नाक वर केलं.

"काही तरी शिजतंय," ते म्हणाले.

वैशाखातलं ऊन, मला तर सगळाच खानदेश शिजल्यासारखा वाटत होता. पण पुढे शंभर पावलांवर कडकन् आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. नशिबानं जवळच झुलाल मिस्तरीचं छप्पर होतं. हा झुलाल हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा. गाडी ढकलून आत घेईपर्यंत त्यानं शिरपुरातल्या चार मोटारींच्या कुंडल्या आम्हाला सांगितल्या. शेजारी तांबटांची घरं. तिथून एक ठोक्यानं चेपलेली पितळी परात मागून आणली, गाडीखाली सरकवली आणि गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला.

आधी काळं, चिकट तेल आलं. मग ते अडलं. झुलालनं सळई घालून ढोसलं, तसे काळे, चिवट तुकडे पटापट परातीत पडले. त्यानं त्यातला एक चिमटीत धरला, वास घेतला आणि आबांकडे बघून गंभीरपणे म्हणाला,

"आबा, यामा तं कोनी तरी भजी तळेल शेतस."

गिअरबॉक्समध्ये भजी तळलेली! मी हसलो. खरं सांगायचं तर पोट धरून हसलो. जुनी गाडी विकताना गिअरबॉक्समध्ये कच्ची केळी कोंबतात, ती दातांमध्ये बसली की आवाज बंद होतो, हे झुलाल सांगत होता आणि मी हसत होतो. मग आबांकडे लक्ष गेलं.

आबा परातीशी उकिडवे बसले होते. एक तुकडा त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला. तेलात उकळून तो चामड्यासारखा झाला होता, पण आकार शाबूत होता. तिरपा, लांबट काप. आमच्याकडे वाळवणासाठी केळ्याचे काप करतात ते सगळीकडे गोल. बेबाबाई मात्र विळीवर केळं आडवं धरून तिरपे काढायच्या, म्हणजे काप लांब निघतो. आख्ख्या गावात तसे काप एकाच घरी होत. त्या घरची लेक शिरपूरला दिलेली होती.

केळी कोणाच्या बागेतली हे आबांना वासावरून केव्हाच कळलं होतं. आता चिरली कोणी तेही कळलं.

मी म्हणालो, ही परात अशीच उचलू आणि भाईदासच्या ओट्यावर, चार माणसांत नेऊन ओतू. आबांनी तो काप रुमालात बांधला. तोच रुमाल, ज्यात भेटीची डबी आली होती. मग शिरपूरकडे जाणाऱ्या सरकीच्या ट्रकला हात केला.

व्याह्यांच्या ओट्यावर पाहुणे बसलेले होते. भाईदासांनी उठून दोन्ही हात धरले, सरबत मागवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काय याही, गाडी काय म्हणते?"

रुमाल आबांच्या कोटाच्या खिशात होता आणि हातही खिशातच होता. आतल्या दारात सुगंधाबाई पदर सावरून उभी होती, माहेरचं गाठोडं बांधून. एक वेडावाकडा शब्द गेला असता तर ते गाठोडं तिथेच सुटलं असतं, आणि पुढे किती आखाज्या सुटलं असतं कोण जाणे.

"मुळीच आवाज करत नाही," आबा म्हणाले. "सोनगीरला सावलीत उभी आहे."

"डबी टाकत राहा," भाईदास म्हणाले. "डबी सोडू नका."

"तुमच्या शब्दाबाहेर नाही."

आबा सरबत संपूर्ण प्यायले. मला ते घोट मोजता आले असते, घसा बैलासारखाच हलत होता.

परतीला एसटी मिळाली. बापलेक पुढच्या बाकावर, मी मागच्या. कान माझे अर्थात पुढे. सुगंधाबाईनं आईची चौकशी केली, झोका कोणत्या निंबाला बांधला ते विचारलं. सोनगीर जवळ आलं तशी ती म्हणाली, "आबा, मोटारीचं काय झालं?" खिडकीबाहेर बघत म्हणाली.

आबांनी मांडीवर रुमाल सोडला.

ती त्या कापाकडे बराच वेळ बघत राहिली. बाहेर झुलालचं छप्पर मागे गेलं. गाडीच्या आरशाला बांधलेली झेंडूची माळ तेवढी दिसली. आबा हळूच म्हणाले, "विळीवर चिरले का? तुझ्या आईसारखे उतरलेत."

"सासऱ्यांनी सांगितलं, चिर." ती म्हणाली. "लग्नात वाटेला लावताना तुम्हीच मला जवळ घेऊन सांगितलं होतं आबा. सासरी सांगतील ते निमूट करायचं, इकडचं तिकडे बोलायचं नाही."

आबांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "तापू देऊ नका म्हणालीस, ते केळी शिजू नयेत यासाठी होतं तर."

त्या एका वाक्यावर आबांनी दीड महिना काढला होता. व्याह्यांनी गाडी फसवून दिली ते आबा पचवून बसले होते. पण ही एवढीशी माया उलगडून आत दुसरंच काही निघालं, ते काही गिळता येईना. पारोळ्यापर्यंत दोघं एकाच बाकावर दोन परके प्रवासी बसावेत तसे बसले.

त्या आखाजीला सुगंधाबाई एसटीतून उतरली. गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. मीही थोडं बोललो. काप मात्र त्या वर्षापासून आबांच्या घरात बंद झाले. बेबाबाईंना कारण कळलं नाही, आणि आबांनी सांगितलं नाही.

व्याह्यांचं टोपलं त्यांनी बंद केलं नाही. मुलीच्या बापाला ते जमतही नाही. फक्त त्या दिवसानंतर शिरपूरला कच्ची फणी गेली नाही. पिकून, काळे ठिपके पडून, त्याच दिवशी खाल्ली नाहीत तर नासतील अशी केळी आबा निवडून धाडत. भाईदास येणाऱ्याजाणाऱ्याजवळ कुरकुरायचे की याह्यांची केळी आता पोहोचतात तीच गळायला आलेली.

टोपलं कोण उघडतं, हे आबा मला दर वेळी विचारायचे. मी शिरपूरहून आलो की आधी तेच. मी सांगायचो, तुमची लेक सोडून बाकी कोणीही; ती टोपल्याला हात लावत नाही.