खिशातली सुकी मासळी

शेजारी सुकट भाजली की मला यूएईतल्या खोरफक्कानच्या किनाऱ्यावरून डोंगरातल्या गावाकडे चढणारा रस्ता आठवतो. सायकलच्या ग्रुपमध्ये मी कायम शेवटचा. त्या दिवशीही थकलेल्यांना उचलणाऱ्या मागच्या गाडीत बसावं लागलं तर सायकल विकायचीच, असं ठरवून निघालो होतो. माझ्यासाठी वारा अडवत पुढे सायकल चालवायचा आमचा रत्नागिरीचा दोस्त. त्याने किनाऱ्यावर वाळणारी मासळी विकत घेऊन जर्सीच्या मागच्या खिशांत कोंबली आणि "यल्ला, चल!" म्हणत तो निघाला. ऊन तापलं तसा तो वास थेट माझ्या नाकात घुसायला लागला. शेवटी श्वास रोखून मी त्याला मागे टाकलं आणि वास परत गाठेल या धास्तीने गावातली मशीद येईपर्यंत थांबलोच नाही. "हबीबी, आज काय खाऊन आलास?" त्याने धापा टाकत विचारलं. आता मोठा चढ आला की मीच त्याला विचारतो, "खिशात काही आहे का रे?"