मिशीखालचा व्रण

दवाखान्यात लसीकरणाच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सुनेच्या हातातल्या बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला होता. "ग्रहणात भाजी चिरली हिने," सासू सगळ्या रांगेला ऐकवत होती.

माझं डोकंच फिरलं. अहो, ओठ जुळतात ते पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत. त्या जुळण्यात जनुकांचा हात असतो, आणि जनुकं आई-बाप दोघांकडून येतात. मग खापर एकट्या आईच्याच माथी का?

तेवढ्यात बाळाचा बाप केसपेपर घेऊन आला. त्याच्या दाट मिशीतून नाकापर्यंत गेलेला टाक्यांचा जुना व्रण मला दिसला.

"आजी, याच्या वेळी तुम्ही काय चिरलं होतं?" मी फाडकन विचारलं.

"सुपारी कातरली होती," ती खाली बघत म्हणाली. "सासूबाई जन्मभर तेच म्हणायच्या."